यात्रेच्या वर्गणीतून शाळेला स्मार्ट पॅनेल घ्यावं का?

माणकाठ
चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा लागतात, मुंबईकर मंडळी गावी येतात आणि देवळातल्या बैठकीत शाळेचा विषय निघतोच. जावळी, पाटण, शिराळा या पट्ट्यात शैक्षणिक उठाव, म्हणजे शाळेसाठीची लोकवर्गणी, बराचसा याच दिवसांत गोळा होतो. दीड-दोन लाख जमले की पहिलं नाव निघतं 65 इंची इंटरॅक्टिव्ह पॅनेलचं, म्हणजे बोटाने चालणाऱ्या डिजिटल फळ्याचं. माझं मत : पंचवीस-तीस पटाच्या द्विशिक्षकी शाळेनं ते घेऊ नये.

अशा शाळेत पहिली-दुसरी एका खोलीत बसते, तिसरी-चौथी दुसऱ्या. पॅनेल एकाच भिंतीवर लागतं. म्हणजे अर्ध्या शाळेला ते मिळत नाही, आणि ज्या खोलीत आहे तिथेही एका इयत्तेचा पाठ सुरू असताना दुसरी इयत्ता त्याच आवाजात बसते. शिवाय सव्वा लाखाच्या आसपासची रक्कम एकाच वस्तूत अडकते. ती वस्तू बंद पडली की त्या वर्गणीतलं काहीच वापरात उरत नाही.

बंद पडण्याची कारणंही ठरलेली आहेत. बहुतेक पॅनेलचा स्पर्श काचेत नसतो. चौकटीत बसवलेले इन्फ्रारेड दिवे आणि त्यांच्या समोरचे सेन्सर बोट कुठे आहे ते ओळखतात. चौकटीच्या खाचेत खडूची भुकटी साचली किंवा पश्चिमेच्या खिडकीतून थेट ऊन पडलं, की कोणी हात न लावता रेघा उमटायला लागतात. ‘पॅनेल बिघडलं’ म्हणून ते झाकून ठेवलं जातं, आणि उपाय असतो कोरडं मऊ फडकं नि एक पडदा. दुसरी अडचण आतल्या अँड्रॉइडची. चार-पाच वर्षांत ते जुनं होतं, नवी अ‍ॅप त्यावर बसत नाहीत. तेव्हा उरतो तो फक्त मोठा टीव्ही.

थ्रीफेज
खडूच्या आधी विजेचं बघा. शाळा बहुधा गावाच्या कडेला, म्हणजे लाइनच्या शेपटाला असते. शेतीपंप सुरू झाले की दाब खाली येतो, बंद झाले की उसळतो. आणि न्यूट्रल तुटला तर 230 च्या जागी तीनशेच्या वर व्होल्ट येतात, त्यात पॅनेलचा पॉवर बोर्ड पहिला जातो. वळवाच्या दिवसांत वीज कडाडली की डिशच्या केबलमधूनही झटका आत येतो. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीला जाताना नुसता स्विच बंद करून भागत नाही. प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढून ठेवावी लागतात.

महाबळेश्वर, पाटणकडच्या जांभ्या कातळात अर्थिंग नीट लागत नाही. नुसता पाइप ठोकून उपयोग नाही, खड्ड्यात कोळसा-मीठ भरून उन्हाळ्यात पाणी घालत राहावं लागतं. मोजमाप 5 ओहमच्या आत आलं पाहिजे.

इन्व्हर्टरचा हिशोबही सांगतो, कारण दुकानात तो कोणी सांगत नाही. 150 अँपिअर-अवर, 12 व्होल्टची बॅटरी म्हणजे 1800 वॉट-तास. बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे 900. इन्व्हर्टरमधली गळती वजा करता हातात साधारण 750. पॅनेल 150 ते 200 वॉट खातं, म्हणजे जेमतेम चार तास. 43 इंची टीव्ही 80 वॉटच्या आसपास, तो नऊ तास चालेल. दर दोन महिन्यांनी बॅटरीतलं डिस्टिल्ड वॉटर बघायचं काम कोणाचं, हे बैठकीतच ठरवा.

बहुवर्ग
माणकाठ, पॅनेल नको हे मान्य. पण तुमच्या लिखाणातून ‘छोट्या शाळेला तंत्रज्ञान नको’ असा अर्थ कोणी काढू नये. उलट सगळ्यात जास्त गरज द्विशिक्षकी शाळेलाच आहे. दोन इयत्ता एका शिक्षकाकडे असतात, तेव्हा 40 मिनिटांच्या तासिकेत प्रत्येक इयत्तेला थेट शिकवणं 20 मिनिटं मिळतं. उरलेल्या 20 मिनिटांत मुलं फळ्यावरून उतरवून घेत बसतात. टॅब तिथे वापरायचा.

बारा मुलांच्या खोलीला चार टॅब पुरतात. तिघांत एक, एका टॅबला हेडफोनची तिहेरी वायर. तिसरीचा गट टॅबवर असताना शिक्षक चौथीला शिकवतो, मग अदलाबदल. अट एकच, टॅबवरचं काम 12-15 मिनिटांत संपणारं हवं आणि शेवटी वहीत काहीतरी लिहायला लावणारं हवं. तिघांपेक्षा मोठा गट केला तर एक जण हाताळतो आणि बाकीचे बघत राहतात.

इंटरनेटही रोज लागत नाही. सरकारचं दीक्षा अ‍ॅप 2017 पासून आहे, बालभारतीच्या पुस्तकांत त्याचे क्यूआर कोड छापलेले असतात. कोड पुसट झाला असेल तर त्याखालचा सहा अक्षरी कोड हाताने टाकता येतो. पाठ एकदा उतरवून मेमरी कार्डावर ठेवला की तो नेटशिवाय चालतो, आणि अ‍ॅपमधूनच फाइल काढून दुसऱ्या टॅबवर देता येते. कोयनेच्या पाणलोटाकडच्या शाळांना जिथे रेंजच नाही, तिथे शिक्षण परिषदेला, म्हणजे शिक्षकांच्या मासिक बैठकीला, आल्यावर महिन्याचे पाठ भरून न्यायचे. यापेक्षा वेगळी सोय लागत नाही.

खडूफळा
पहिली ते तिसरीला पडदा नकोच, पॅनेल असो की टॅब. 2021 च्या निपुण भारत या केंद्राच्या मोहिमेचं उद्दिष्ट काय? तिसरीपर्यंत मूल समजून वाचू लागावं आणि त्याला पायाभूत संख्याज्ञान यावं. त्यासाठी मुलाने मोठ्याने वाचलं पाहिजे आणि शिक्षकाने ऐकलं पाहिजे. ‘क’ आणि ‘फ’ मध्ये मूल कुठे अडखळतं, हातचा घ्यायला का विसरतं, हे टॅबला कळत नाही. तो ‘पुन्हा प्रयत्न करा’ एवढंच म्हणतो. मूल चारही पर्याय दाबून बघतं, हिरवं होईस्तोवर. स्वाध्याय पूर्ण दिसतो, पण आलेलं काहीच नसतं.

1000 रुपयांत शंभर चिंचोके, दशकाचे गठ्ठे, खेळण्यातल्या नोटा, अक्षरकार्डं येतात. ती सगळ्यांच्या हातात जातात आणि त्यांना चार्जिंग लागत नाही. सांगली जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात 2022 च्या ऑगस्टपासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद. सगळ्या गावाने हे का ठरवलं याचा विचार करा.

बहुवर्ग
वडगावाचा दाखला चुकीच्या ठिकाणी लावताय. ते घरातल्या दीड तासाचं बंधन आहे, मुलांना अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून. शाळेत शिक्षकासमोर 15 मिनिटं काय चालतं याच्याशी त्याचा संबंध नाही. घरचा मोबाइल आणि शाळेचा टॅब एकच मानायचा, मग सगळ्याच चर्चेत गोंधळ होतो.

चारही पर्याय दाबण्याचं म्हणाल तर तो दोष आहेच. म्हणूनच वहीत लिहिण्याची अट घातली. उत्तर आधी वहीत, मग टॅबवर; वहीतलं खोडायचं नाही. दुसऱ्या दिवशी शिक्षक वही बघतो, टॅबवरचा आकडा बघत नाही.

खडूफळा
बारा वह्या रोज बघणारा शिक्षक असेल तर त्याला टॅबची गरज कमी. आणि नसेल तर टॅबने ती उणीव भरून निघणार नाही. ऑनलाइन माहिती भरण्यात जाणारा वेळ धरला तर त्या वह्या कधी बघायच्या, हेही सांगा.

पहिली ते तिसरीबद्दल माझं मत बदलणार नाही. चौथीच्या पुढे बोलू.

सीमाभाग
जत तालुक्यातली एक गोष्ट कोणी मांडली नाही. तिथे कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. यूट्यूबवर कन्नडमध्ये भरपूर पाठ मिळतात, पण ते कर्नाटकच्या अभ्यासक्रमाचे. आपल्याकडची कन्नड पुस्तकं बालभारतीची. धड्यांचा क्रम वेगळा, उदाहरणं वेगळी, परिसर अभ्यासात तर जिल्हाच वेगळा. ‘कन्नडमध्ये आहे ना’ म्हणून लावलं तर मुलांच्या पुस्तकात नसलेलं शिकवलं जातं. अशा शाळेने आधी तीन-चार घटकांचे व्हिडिओ पुस्तक उघडं ठेवून तपासावेत, मगच यंत्रावर पैसे घालावेत.

आणि ऊसतोडीच्या मुलांचं. हंगामात बीडकडून टोळ्या येतात, मुलं चार-पाच महिने इथल्या शाळेत बसतात. मराठी माध्यमाचं भाषा-गणिताचं बालभारतीचं पुस्तक तिथेही तेच, इथेही तेच. तिकडचे शिक्षक ‘सातवा पाठ झाला’ एवढं कळवू शकले तर इकडे आठवा सुरू होतो. मोबाइलचा हा उपयोग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि त्याला खर्च शून्य. पालकांच्या फोनवर अभ्यास पाठवून मात्र काही होत नाही. तो एकच फोन, मुकादमाचे निरोप त्यावरच येतात, आणि माणूस पहाटे फडात गेला की फोनही गेला.

माणकाठ
खडूफळा, चौथीच्या पुढचं तुम्ही म्हणालात म्हणून विज्ञानाकडे येतो. इथे पडद्याला मी विरोध करणार नाही. सातारा साधारण 17.7 उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे वर्षातून दोनदा दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. एकदा 10 मेच्या आसपास, एकदा ऑगस्टच्या सुरुवातीला. पहिल्या वेळी शाळेला सुट्टी, दुसऱ्या वेळी आभाळ भरलेलं. स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर साध्या संगणकावर नेटशिवाय चालतं. त्यात आपल्या गावाचं स्थान टाकून तारीख पुढे-मागे केली की मुलांना ते दिसतं.

पण क्रम महत्त्वाचा. आधी डिसेंबर-जानेवारीत मैदानात मीटरभर काठी रोवायची, दर अर्ध्या तासाला सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा, सुतळीने लांबी मोजायची. सगळ्यात आखूड सावली घड्याळातल्या बारालाच का येत नाही, हा प्रश्न मुलांनीच विचारायला हवा. साताऱ्यात ती साडेबाराच्या आसपास येते, कारण आपलं घड्याळ 82.5 पूर्व रेखांशावर लावलेलं आहे आणि आपण 74 च्या आसपास आहोत; एका अंशाला 4 मिनिटं. हे वहीत झाल्यावर पडदा. आधी पडदा दाखवला तर काठी रोवायला कोणी उठत नाही.

पाचवी-आठवी
शिष्यवृत्तीच्या सरावासाठी गुगल फॉर्म सगळे वापरतात, त्यातली एक चूक दुरुस्त करून घ्या. वरच्या इयत्तेच्या पेपरात (2025-26 पर्यंत तो आठवीला होता) काही प्रश्नांना दोन अचूक पर्याय असतात आणि दोन्ही नोंदवल्याशिवाय गुण नाहीत. फॉर्ममध्ये गोल टिंबाचा प्रकार निवडला तर मुलाला दोन पर्याय निवडताच येत नाहीत. चौकोनाचा प्रकार घ्या, उत्तरतालिकेत दोन्हीवर खूण करा. मग दोन्ही बरोबर असल्याशिवाय गुण पडत नाहीत, परीक्षेसारखंच.

तरी महिन्यातून एकदा कागदी उत्तरपत्रिका हवीच. 75 प्रश्न, 90 मिनिटं आणि पेनने गोल भरणं हा वेगळा सराव आहे. मोबाइलवर 140 गुण घेणारं मूल कागदावर एक ओळ चुकून पुढचे सगळे गोल चुकीचे भरतं.

खडूफळा
काठी आधी, पडदा नंतर, हे मला चालेल. मग माणकाठ, दोन लाखांचं काय करायचं ते आकड्यात मांडा. यात्रेच्या बैठकीत ‘पॅनेल नको’ एवढं म्हणून लोक ऐकत नाहीत.

माणकाठ
अंदाजे मांडतो, दर बाजारात विचारून घ्या. अर्थिंग, वायरिंगची दुरुस्ती आणि चांगला स्टॅबिलायझर 20 हजार. इन्व्हर्टर-बॅटरी 25 हजार. चार टॅब, कव्हर, हेडफोन मिळून 50 हजार, तेही मोठ्या इयत्तांच्या खोलीला. दुसऱ्या खोलीत चिंचोक्यांपासून गोष्टींच्या पुस्तकांपर्यंत 25 हजार, तिथे पडदा नाही. एक टीव्ही घ्यायचा तर 43 इंची नको. पडद्याच्या उंचीच्या सहापटीपलीकडे बसलेल्या मुलाला अक्षर वाचता येत नाही. 43 इंचीला ते अंतर साडेदहा फूट, 55 इंचीला साडेतेरा. वीस फुटी खोलीत मुलं पुढे सरकवून 55 इंची चालेल, 40-45 हजारांत. उरलेले 35 हजार बँकेत, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने, फक्त दुरुस्तीसाठी.

थ्रीफेज
त्या ठरावात सुट्टीची एक ओळ घाला. टॅब 50 टक्के चार्ज करून ठेवायचे, चार्जरला लावून कपाटात नाही. महिनाभर शंभर टक्क्यांवर राहिले तर जून उजाडेपर्यंत बॅटरी फुगू शकते आणि पडदा उचलला जातो. किल्ली गावातच राहणाऱ्या सदस्याकडे द्या, त्याने मेच्या मध्यावर एकदा बघून यायचं.