दोन टप्प्यांच्या मधलं घर : कॅरॅव्हॅनवाल्यांनो, तुमचे अनुभव सांगा

आम्ही दोघं गुहागरचे. ह्यांच्या निवृत्तीनंतर जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात बेड, ओटा, पाण्याची टाकी बसवून घेतली आणि भारत टप्प्याटप्प्याने बघतोय. थंडीत कच्छ-राजस्थान झालं, शिमग्याला पालखी घरी येणार म्हणून परतलो, आता बर्फ हटून लेहचा रस्ता नीट चालू झाला की पुन्हा निघायचं. प्रवासाबद्दल सगळे भरभरून बोलतात पण हे मधले महिने कसे जातात ते कोणी सांगत नाही. मला तर सुरुवातीला घर फार मोठं वाटतं. गाडीत बसल्या जागी हात लांब केला की मीठ, हळद, लायटर सगळं हाताशी, इथे चहाचं आधण ठेवायचं आणि साखरेला कोठीच्या खोलीत जायचं. हे अजून रात्री उठून नळ घट्ट बंद आहे ना ते बघतात, विहिरीला पाणी आहे तरी एका तांब्यात आंघोळीचं निम्मं काम उरकतात. माझं ठाम मत झालंय की घरचा मुक्काम हाही प्रवासाचाच टप्पा आहे, त्याला वेळ द्यावा लागतो. आल्या आल्या पाहुणे बोलवू नयेत, फोटो दाखवायचे कार्यक्रम करू नयेत. तुमचं कसं होतं? सविस्तर लिहा प्लीज.

*

देवगड. आमचे टप्पे आंबा ठरवतो. मोहोर, फवारण्या, राखण, काढणी, त्यामुळे डिसेंबर ते मे हलायचं नाव नाही. पाऊस लागला आणि कलमांना खत घालून झालं की हिमाचल, गणपतीच्या आधी घरी, नवरात्र झालं की दक्षिण. स्पितीत काझ्याला साडेतीन हजार मीटरच्या वर होतो, टॉवेल तासाभरात खडखडीत वाळायचा, आणि घरी आलो तर भाद्रपदातली हवा, दांडीवरचं धोतर चार दिवस ओलंच. अंग जड होतं, झोप येत राहते, ते चालायचंच. पेज, मेतकूट, कुळथाचं पिठलं, दोन-तीन दिवस एवढंच खातो आम्ही, पोट लगेच ठिकाणावर येतं.

गाडीचं एकच सांगतो, बॅटरीची हयगय करू नका. लेड-ॲसिड असेल तर उभी करण्याआधी फुल चार्ज करा आणि निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. अर्धवट चार्जवर महिनोन्महिने पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग ती पूर्वीसारखी चार्ज घेत नाही. मीटर लावून बघा, आराम दिलेल्या बॅटरीला 12.6 व्होल्टच्या आसपास पाहिजे, 12.4 च्या खाली गेली की लगेच चार्जिंगला लावा.

*

मालवण, किनाऱ्यालगत घर. आमच्याकडे खारा वारा हा खरा शत्रू. परत आल्या आल्या गाडी खालून गोड्या पाण्याने धुवायची, चासीवर गंजाचा ठिपका दिसला की घासून प्रायमर. आतल्या गाद्या आडव्या ठेवायच्या नाहीत, कडेवर उभ्या करायच्या, फ्रीजचं दार उघडं राहील असा फडका अडकवायचा, टाकी रिकामी, सांडपाण्याची तर आधी रिकामी, सिलिंडर बाहेर. फरसाणाचा चुरा सीटखाली राहिला तर उंदीर येणार आणि नंतर वायरी कुरतडणार. ताडपत्री अंगाला चिकटून घालू नका, आत वाफ कोंडते आणि बुरशी येते, वर मोकळी बांधा. आणि माडाखाली गाडी लावायची नाही म्हणजे नाही, सावली कितीही गार असली तरी! झावळ पडली तरी सोलर पॅनेलची काच जाते.

*

मी वेंगुर्ल्याची. मला गाडीपेक्षा माणसांबद्दल लिहायचंय. बाजारात गेलं की प्रत्येक जण विचारतो, "कधी इलास? आता थांबतलास मा?" ते प्रेमाने विचारतात हे कळतं, पण थांबणार नाही हे सांगताना दर वेळी घशात अडकतं. आई आमच्या शेजारच्याच घरात असते, ऐंशीच्या पुढे आहे. आम्ही यायच्या आधी ती कोणाला तरी सांगून आमचं घर उघडून घेते, स्वतः काठी टेकत येऊन गोधड्या उन्हात टाकून घेते, सोलकढीसाठी आगळाची बाटली ओट्यावर काढून ठेवते. मागच्या वेळी तिने मुकाट्याने कॅलेंडर माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "जातलस त्या तारखेवर खूण कर, माका रोज विचारूचा लागता नये." त्यानंतर आम्ही निघायची तारीख आल्या दिवशीच ठरवून सांगतो. ती त्या तारखेच्या हिशोबाने कामं काढते, बँक, डॉक्टर, देवळातला अभिषेक. घरी असताना संध्याकाळचा वेळ मी पूर्ण तिला दिलाय, लॅपटॉप बंद. पुढचा टप्पा लांबला तरी चालेल, हे आम्हा दोघांचं ठरलेलं आहे.

*

हर्णै. जूनमध्ये घरी येणाऱ्यांनी मनाची तयारी ठेवा, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, महिनोन्महिने ज्या म्हावऱ्याची स्वप्नं बघितली ते लिलावात मिळणार नाही. मे महिन्यातच कोणाला तरी सांगून सुके बोंबील आणि सोडे भरून ठेवा.

*

श्रीवर्धनहून लिहितोय. आमचा मुलगा दहा वर्षांचा. घरी आलो की तो अंगणात उभ्या असलेल्या गाडीतच झोपायचा हट्ट करतो, आजोबांना ते अजिबात आवडत नाही, म्हणतात घर असताना पोर बाहेर का? मी मध्ये पडलो नाही. काही रात्री झोपला, मग एकदा आजोबाच उशी घेऊन त्याच्या शेजारी गेले, दोघं पत्ते खेळत बसले होते, आणि दुसऱ्या दिवसापासून तो आपणहून माजघरात झोपायला लागला. लहान मुलांना घाई करू नये असं मला मनापासून वाटतं, शाळा, मित्र, सगळं त्यांना पुन्हा जोडून घ्यायचं असतं.

बाकी बंद घराचं म्हणाल तर पहिल्या दिवशी विहिरीचा पंप पाणी उचलत नाही, फूटव्हॉल्व्ह, म्हणजे विहिरीतल्या पाइपाच्या टोकाची झडप, बघून पाइपात पाणी भरून घ्यावं लागतं, म्हणून दुपारच्या आत पोचा. दापोलीकडून येताना वेसवी-बागमांडला फेरीबोट घेणार असाल तर ओहोटीची वेळ टाळा, उतार तिरका होतो आणि लांब गाडीची मागची बाजू घासते. देवगडच्या दादांना एक विचारायचंय, लिथियम बॅटरी असेल तर ती फुल चार्ज करून ठेवायची की अर्धी? आमची नवीन आहे आणि गणपतीनंतरच निघणार आहोत.

*

पुन्हा देवगड. लिथियमचं उलटं, अर्ध्याच्या थोडी वर ठेवा आणि सगळे लोड तोडा. पण गाडी उन्हात नको.