गहू बंद केला की पोट गप्प बसतं, मग तपासणी करायचीच कशाला?

भुसावळकरीण

वय 36, मुक्काम भुसावळ. बरेच दिवस पोटाचं रडगाणं चालू आहे. जेवण झालं की तासाभरात पोट असं फुगतं की निऱ्या सैल कराव्या लागतात. शौचाला पातळ, चिकट, दोन बादल्या पाणी ओतलं तरी भांडं सोडत नाही (माफ करा, पण सांगितल्याशिवाय कळणार नाही). तोंड तर महिन्यातून एकदा येतंच. हिमोग्लोबिन 8.6. लोहाच्या गोळ्या नेमाने घेते, आकडा जागचा हलत नाही. आमचे डॉक्टर म्हणतात पाळीमुळे असेल, आणि गोळीची कंपनी बदलून देतात.

मे महिन्यात माहेरी एका लग्नात वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी हाणली. दुसऱ्या दिवशी आडवी! मग आईने पोळी बंद करून कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, ठेचा, ताक असं चालू केलं आणि काय सांगू, पोट गप्प. सासरी परत आले, दोन्ही वेळच्या पोळ्या सुरू, पोटही सुरू. नेटवर शोधलं तर सगळीकडे सिलिअ‍ॅक, सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने आतडं खराब होतं तो आजार.

जळगावला पोटाच्या डॉक्टरांकडे नंबर लावायचं कधीपासून चाललंय, पण पुढेच जातंय. कधी यांना रजा नाही, कधी मुलीची परीक्षा. घशातून दुर्बीण घालतात म्हणे, त्याची धास्ती वेगळीच. आणि खरं सांगू का, एकदा कागदावर आजाराचं नाव आलं की घरात प्रत्येक सणाला तीच चर्चा. आत्ता 'मला गहू बाधतो' एवढ्यावर भागतं.

तर येत्या सोमवारपासून गहू कायमचा बंद करायचा आणि तपासणीच्या भानगडीत पडायचं नाही, असं ठरवते आहे. भाकरी मला आवडतेच. यात काय बिघडलं?

मळ्यातला_माणूस

काही बिघडत नाही. हल्लीचा गहूच वाईट आहे, खतांनी वाट लावली. खपली गहू आणा, तो पचायला हलका असतो. आमच्याकडे सगळे तोच खातात.

बाजरीवाला_काका

खपली हासुद्धा गहूच, त्यात ग्लूटेन असतंच. सिलिअ‍ॅक असेल तर खपली, बन्सी, लोकवन सगळे एका माळेचे मणी. जव आणि राय (हे धान्य, मोहरी नव्हे) यांतही तेच. आणि 'हल्लीचा गहू' हे तर सोडाच. हॉलंडमधल्या विलेम डिके या मुलांच्या डॉक्टरांनी गव्हाला पकडलं ते दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला. 1944-45 च्या उपासमारीच्या हिवाळ्यात तिकडे पाव मिळेना, आणि इतर मुलं वाळत असताना त्यांची ही पोटाची मुलं सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा खालावली.

ताई, आता तुमचं. मला स्वतःला सिलिअ‍ॅक आहे, म्हणून जरा स्पष्ट बोलतो. सोमवारी गहू बंद करू नका. आधी रक्त द्या. टीटीजी-आयजीए म्हणून तपासणी असते, सिलिअ‍ॅकमध्ये रक्तात येणाऱ्या आयजीए जातीच्या अँटिबॉडी ती शोधते. सोबत एकूण आयजीएसुद्धा मागा. काही लोकांत आयजीएच कमी असतं, मग टीटीजी खोटंच नॉर्मल येतं. गहू पोटात जात असतो तोवरच रक्तात त्या अँटिबॉडी सापडतात. गहू थांबवला की त्या उतरत जातात, आतड्याचं अस्तरही भरून यायला लागतं, आणि मग ना रक्तात काही दिसत ना बायोप्सीत (आतड्याचा तुकडा काढून तपासतात त्यात). नंतर कधी डॉक्टरांना खात्री करायची झाली तर तेच म्हणणार, काही आठवडे रोज पोळी खा आणि मग या. सुधारलेल्या पोटावर पुन्हा पोळी लादणं हा काय प्रकार असतो, ते मला विचारा.

दुर्बिणीचं म्हणाल तर घशात बधिर करणारा फवारा मारतात, हवं तर झोपेचं इंजेक्शन देतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून कण्यांएवढे चार-सहा तुकडे घेतात, ते घेतलेले कळतही नाहीत. उलटीसारखं होतं ते मात्र खरं, खोटं कशाला बोलू.

आणि 'बाधतो' वर का भागत नाही? एक तर तुमचं सिलिअ‍ॅक नसेलही. आपल्याकडे आतड्याचा टीबीसुद्धा असाच वागतो. 8.6 हिमोग्लोबिन कशामुळे, ते कोणीतरी शोधायला हवं. दुसरं, बाधणारा माणूस सत्यनारायणाचा शिरा चमचाभर खातो. सिलिअ‍ॅकवाल्याला तो चमचाही नको, पोट दुखो न दुखो, आतडं आतून झडतच राहतं आणि हाडंही ठिसूळ होतात. कागदावर नाव नसेल तर आग्रह करणाऱ्याला तुम्ही किती वर्षं नाही म्हणाल?

तिसरं तुमच्या मुलीचं. सिलिअ‍ॅक निघालं तर आईवडील, भावंडं, मुलं सगळ्यांची तपासणी करतात. साधारण दहात एकाला निघतं, कित्येकदा काही त्रास नसताना. मुलीची उंची वयाच्या मानाने बरोबर आहे ना?

भुसावळकरीण

काका, शेवटची ओळ वाचून पोटात गोळा आला. वर्गात पुढच्या बाकावर बसते ती. आम्ही म्हणायचो, आजीवर गेली. आणि माझ्या धाकट्या भावाला टाइप 1 डायबेटिस आहे, इन्सुलिनवर आहे. त्याचा यात काही संबंध?

बाजरीवाला_काका

आहे. दोन्हींत शरीर स्वतःवरच उलटतं, आणि टाइप 1 वाल्यांत सिलिअ‍ॅक इतरांपेक्षा जास्त सापडतं. हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. भावाची टीटीजी कधी झाली आहे का तेही विचारा. आणि तुमचं काही निघो न निघो, पुढच्या बाकाचं मुलांच्या डॉक्टरांच्या कानावर घालाच.

कोथरूडची_मावशी

माझ्या सुनेला आहे. निदान झालं तर स्वयंपाकघराचं मला विचार, आत्ता नको. फक्त एक ऐक, 'गहू बंद' म्हणजे नुसती पोळी बंद असं डोक्यात असेल तर ते काढून टाक. बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. शेवया, रवा, लापशी हे कळतं, पण गिरणीत गव्हावर दळलेली ज्वारी कुणाच्या लक्षात येत नाही. आम्ही घरघंटी घेतली ती त्यासाठीच. परातही वेगळी, लाटणंही वेगळं. एवढा खटाटोप आयुष्यभर करायचा तर तो खरंच लागतोय का, हे आधी कळलेलं बरं.

भुसावळकरीण

घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबला फोन केला, उद्या सकाळी येतोय. जळगावचा नंबर पुढच्या गुरुवारचा मिळाला, हे नाही आले तर आईला घेऊन जाईन. काका, रक्त द्यायला उपाशी राहायचं का?

बाजरीवाला_काका

टीटीजीला उपाशी लागत नाही. पोळी खाऊन द्या.