मदत हवी आहे: मुलाचं पहिलं कुमसार तीन आठवड्यांवर आलंय आणि मला (हिंदू आई) यातलं फार काही कळत नाही

वसईची_सून_पुण्यात

नमस्कार मंडळी. धागा लांब होणारे, आधीच सॉरी.

मी पुण्याची, नवरा वसईचा कॅथलिक. लग्न चर्चमध्ये झालं पण मी धर्म बदलला नाही, घरात दीड दिवसाचा गणपतीपण बसतो आणि नाताळचा गोठापण होतो, कुणाची काही तक्रार नाही. नवरा मर्चंट नेव्हीत, सध्या बोटीवर, नेट मिळालं तर मेसेज नाहीतर चार चार दिवस गायब. मुलगा ९ वर्षांचा. यंदा त्याचं फर्स्ट होली कम्युनियन आहे (चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर घेणं) आणि त्याच्या आठवडाभर आधी पहिलं कन्फेशन, म्हणजे फादरसमोर आपल्या चुकांची कबुली. वसईला सासूबाई त्याला कुमसार म्हणतात, तर लेकाला बरेच दिवस वाटत होतं की या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

आता अडचण अशी की लग्नाच्या वेळी पोरांना कॅथलिक संस्कारात वाढवायचं असं वचन दिलंय आणि नवरा इथे नाही म्हटल्यावर सगळं माझ्यावर. कॅटेकिझमचा (धर्मशिक्षणाचा) क्लास इंग्रजीत. सासूबाई रोज रात्री साडेआठला व्हिडिओ कॉलवर रोझरी (जपमाळेची प्रार्थना) घेतात ती मराठीत. पोरगं "नमो मरिया"ने सुरू करतं आणि अर्ध्यात "होली मेरी मदर ऑफ गॉड"वर जातं, सासूबाई तिकडून "परत म्हण" आणि इकडे वरणाला फोडणी जळतेय.

बारीकसारीक शंका खूप आहेत. बायबलातल्या दहा आज्ञांपैकी चोरी करू नको ही आज्ञा क्लासच्या पुस्तकात सातवी आहे आणि यूट्यूबवर मराठी व्हिडिओ लावून दिला त्यात आठवी, त्यावरून तो माझ्याशी भांडला की तू मला चुकीचं शिकवतेस. सासूबाई म्हणतात कम्युनियनच्या दिवशी रात्री बारापासून पोटात काही नाही, मिस्सा (चर्चमधली उपासना) सकाळी साडेनऊला, एवढा वेळ हा उपाशी राहिला तर चक्कर येऊन पडेल. आणि त्या दिवशी मी त्याच्याबरोबर रांगेत जायचं का बसून राहायचं? माझ्या आईला वाटतंय प्रसादच आहे तर आपणही घ्यावा.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. क्लासमध्ये त्यांना सांगितलंय की कन्फेशनमध्ये सांगायच्या चुका घरी शांत बसून आठवा, हवं तर लिहून काढा. परवा त्याच्या दप्तरात डबा शोधताना गणिताच्या वहीचं मागचं पान फाडून चार घड्या घातलेला कागद मिळाला. मला वाटलं टीचरचा निरोप असेल म्हणून उघडला. पेन्सिलने लिहिलेलं: "ममाला खोटं बोललो दात घासले. रोहनला (नाव बदललंय) जाड्या म्हणलो. रोझरीत झोपलो." आणि खाली आधी लिहून खोडरबरने पुसलेलं पण पेन्सिलीचा दाब दिसतोय असं, "आजी डबा ५०".

तो डबा मला माहितीय. वसईच्या घरी अल्ताराच्या (देव्हाऱ्याच्या) मागे बोर्नव्हिटाचा जुना डबा आहे, त्यात सासूबाई मेणबत्त्यांचे आणि सासऱ्यांच्या वर्षाच्या (पुण्यतिथीच्या) मिस्साचे पैसे ठेवतात. मे महिन्यात आम्ही तिथे होतो. मी कागद तसाच घडी घालून ठेवून दिला. तेव्हापासून तो रात्री दोन वेळा विचारून झाला, "फादर तुला फोन करून सांगतात का?"

मी काय करू? वाचलं म्हणून सांगू? सासूबाईंना सांगून परस्पर पैसे भरून टाकू? का गप्प बसू? मी कागद वाचला यात काही नियम मोडला का?

---

गासवाली_मावशी

अगं बाळा, पहिलं म्हणजे सासूला सांगू नकोस. आणि पैसे तू भरू नकोस. मी वसईत पंचवीस वर्षं पोरांना धर्मशिक्षण दिलं, अशा चिठ्ठ्या बाकाखाली किती सापडल्या, न वाचता फाडायचे.

फादर फोन करत नाहीत. तुलाच काय बिशपांना, पोपना, पोलिसांना कुणालाच सांगता येत नाही. कुमसारात ऐकलेलं सरळ सरळ फोडलं तर त्या धर्मगुरूला आपोआप बहिष्कार लागतो, इतकं कडक आहे ते. हे त्याला साध्या शब्दात सांग, पण "तुझं काय ते असेल ना" असा चेहरा करून नको, पोरं चेहरा वाचतात. भाजी निवडता निवडता सांग.

कागदाचं म्हणशील तर तो अजून कुमसारात पोचलाच नाही, त्यामुळे तसा नियम मोडला नाहीस. पण जे कुणी चुकून दुसऱ्याचं कुमसार ऐकतं त्यानेही तोंड बंद ठेवायचं असा नियम आहेच, तू त्याच हिशोबाने वाग. वाचलंच नाहीस असं समज.

बाकीचं. आज्ञा दोन्ही बरोबर. दहाच आहेत, बायबलात त्यांना नंबर घातलेले नाहीत, मोजायची पद्धत वेगळी. आपण कॅथलिक संत ऑगस्टिनच्या पद्धतीने मोजतो, पहिल्या दोन एकत्र आणि शेवटची लोभाची फोडून दोन. बरेचसे प्रोटेस्टंट मूर्तीची आज्ञा वेगळी धरतात म्हणून पुढचे सगळे आकडे एकाने सरकतात. तुझा व्हिडिओ त्यांच्यापैकी कुणाचा असणार. आईबापांचा मान राख ही आपली चौथी, चोरी सातवी, खोटी साक्ष आठवी.

उपास एक तासाचा. कम्युनियनच्या आधी एक तास, मिस्साच्या आधी नव्हे. पाणी आणि औषध कधीही चालतं. सासूबाईंचंही खोटं नाही गं, पूर्वी खरंच मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा नव्हतं. १९५३ ला पाण्याची सूट मिळाली, १९५७ ला जेवणाचे तीन तास झाले आणि १९६४ पासून एक तास. आमच्या आईने तेव्हाही काही आम्हाला ऐकू दिलं नाही. साडेसातला पोटभर पोहे दे त्याला.

---

शंकासूर

नऊ वर्षांच्या पोराला पापांची यादी करायला लावायची? भीती घालायचे धंदे आहेत हे. त्याला सांगा काही होत नाही आणि विषय संपवा.

---

बार्देशकर

शंकासूर, त्याला भीती आज्जीची आणि फादरच्या फोनची आहे, यादीची नाही. "काही होत नाही" म्हणून सांगितलं तर ते ५० त्याच्या डोक्यातच राहणार.

ताई, मी गोव्याचा, आमच्याकडे पण कुमसारच म्हणतात, पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. १९१० पर्यंत पोरांना पहिलं कम्युनियन बरंच उशिरा, दहा-बारा नाहीतर चौदाव्या वर्षी वगैरे मिळायचं. दहावे पायस पोप होते त्यांनी ते समज येण्याच्या वयावर आणलं, म्हणजे साधारण सात. समज म्हणजे काय तर बरं-वाईट कळणं, आणि तुमच्या पोराला कळतंय हे त्या खोडरबरनेच सांगितलंय.

मोठं पाप म्हणजे मॉर्टल सिन व्हायला तीन गोष्टी एकत्र लागतात, बाब गंभीर हवी, पूर्ण समजून केलेली हवी आणि आपल्या मर्जीने. ५० रुपयाला कुणी नरकात जात नाही हे त्याला कुणीतरी हसत सांगायला हवं. पण सातव्या आज्ञेत एक शेपूट आहे जे लोक विसरतात, घेतलेलं परत करायचं. नुसतं सॉरी म्हणून भागत नाही. कबुली जाहीर करायची गरज नाही, गुपचूप ठेवलं तरी परत केलंच. म्हणून तुम्ही भरलेत तर त्याचा तो भाग राहूनच जाईल. कुमसाराच्या आधी एकदा वसईला चक्कर मारा, त्याच्या पिगी बँकेसकट. बाकी काही बोलू नका.

कम्युनियनला तुम्ही घ्यायचं नाही, आईंनापण समजवा. तो प्रसादासारखा सगळ्यांना वाटायचा नसतो, ते ख्रिस्ताचं शरीर आहे अशी श्रद्धा आहे आणि बाप्तिस्मा घेऊन त्याची तयारी केलेल्यांनाच देतात. बरेच ठिकाणी न घेणारे छातीवर हात दुमडून रांगेत जातात आणि फादर आशीर्वाद देतात, तुमच्या चर्चमध्ये चालतं का आधी विचारून घ्या. बसून राहिलात तरी कुणी वाकडं बघत नाही.

अजून एक, वचन तुम्ही दिलेलं नाही. १९७० पासून वचन फक्त कॅथलिक जोडीदार देतो, दुसऱ्याला ते माहीत असावं एवढंच. तुम्ही करताय ते जास्तीचं आहे, नवऱ्याला बोटीवर कळवा.

---

वसईची_सून_पुण्यात

बार्देशकर, शेवटचं वाचून मी खरंच पाच मिनिटं नुसती बसून होते. दहा वर्षं वाटतंय मी सही केलीय.

मावशी, प्रार्थना कुठल्या भाषेत? आणि कुठल्या पाठ लागतात?

---

गासवाली_मावशी

देवाला दोन्ही कळतात गं. कुमसार इंग्रजीत होणार तर पश्चात्तापाची प्रार्थना इंग्रजीत पाठ कर, क्लासमध्ये शिकवली असेल तीच, नवीन घुसडू नको. आजीबरोबर रोझरी मराठीत. त्याला फक्त दुसरा अर्धा भाग म्हणायला दे, पहिला आजी म्हणेल, तशीच पद्धत आहे आपल्याकडे, मग गोंधळ होत नाही. मण्यांवर बोट ठेवू दे, ५९ मणी असतात, मोजत बसला की झोपत नाही. सोमवार शनिवार आनंदाची रहस्यं (येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग), मंगळवार शुक्रवार दुःखाची, बुधवार रविवार गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. ही गुरुवारची २००२ ला दुसरे जॉन पॉल पोप होते त्यांनी घातली, सासूबाई गुरुवारी अजून आनंदाची म्हणत असतील तर म्हणू दे, वाद घालू नको.

आणि आत गेल्यावर काय होतं त्याची घरी तालीम कर, तू फादर हो. क्रूसाची खूण, मग किती दिवसांनी आलो (तो म्हणेल पहिल्यांदा), मग चुका, मग फादर दोन शब्द बोलतील आणि प्रायश्चित्त देतील, लहान पोरांना दोन-तीन नमो मरियाच सांगतात. मग पश्चात्तापाची प्रार्थना, फादर क्षमेचे शब्द म्हणतात, संपलं. तालमीत खोटी पापं घे. मी पोरांना सांगायचे, म्हणा मी शेजारणीचा हत्ती पळवला.

शंकासूर भाऊ, आमच्या लहानपणी भीती घालायचे हे खरं, नरकाची चित्रं दाखवायचे. मी नाही दाखवली कधी.

---

वसईची_सून_पुण्यात

अपडेट देते. हत्तीची तालीम तीन वेळा झाली, तिसऱ्यांदा त्याने मलाच प्रायश्चित्त दिलं, दहा नमो मरिया आणि एक मॅगी.

शनिवारी वसईला गेलो. पिगी बँक घेतो का विचारलं तर आधी कशाला म्हणाला, मग स्वतःच सॅकमध्ये टाकली. रात्री रोझरीच्या वेळी वरची मेणबत्ती मी लावतो म्हणून स्टूल ओढून अल्तारापाशी गेला. मी डोळे मिटून घेतले, तसं कधी मिटत नाही. डब्याचं झाकण घट्ट आहे, उघडताना टक् असा आवाज येतो, तो पहिल्या आणि दुसऱ्या रहस्याच्या मध्ये आला. सासूबाई क्षणभर थांबल्या आणि पुढे म्हणू लागल्या. त्या दिवशी पोरगं पाचही दशकं (दहा-दहा मण्यांचे भाग) जागं होतं.

काल कन्फेशन झालं. बाहेर आला, बाकावर गुडघे टेकून काय ते म्हटलं आणि विचारलं वडापाव खायचा का. मी काही विचारलं नाही.

आज सकाळी सासूबाईंचा फोन. वर्षाच्या मिस्साचे पैसे द्यायला डबा उघडला तर त्यात दहा दहाच्या पाच नोटा, चुरगळलेल्या, त्यांनी तर दहाच्या कधी ठेवल्याच नव्हत्या. म्हणाल्या, कुणी ठेवल्या असतील गं? मी म्हटलं, मला काय माहीत.

हो मावशी, आठवी आज्ञा. मी यादीत नाही ना पण.