चेसीला वेल्डिंग मारायचंय, ईसीएम कसा वाचवायचा?

पिकअपवाला_केज
राम राम मंडळी. माझी पिकअप २०२१ ची, बीएस-६. मागच्या उजव्या पाट्याचा हँगर चेसीला जिथं बसतो तिथं बोटभर चीर गेलीय. पासिंग दीड टनाचं आहे. सोयाबीनच्या हंगामात लातूरच्या अडतीला किती भरून न्यायचो ते इथं लिहीत नाही. गावातल्या वेल्डरकडं जुनं तेलाचं मशीन आहे. तो म्हणतो, "बॅटरीची निगेटिव्ह काढ, काही होत न्हाई." पण मेव्हण्याच्या गाडीला असंच वेल्डिंग मारलं अन् नंतर सेल्फ फिरायचा, गाडी काही चालू होईना. ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, गेलेला निघाला. नव्याचा भाव ऐकूनच घाम फुटलाय. नुसती निगेटिव्ह काढून भागतं का?

जुना_वेल्डर_जालना
भाऊ, तुमचा वेल्डर अर्धं बरोबर सांगतोय. बॅटरी काढायचीच, पण खरा घात करतो तो अर्थिंगचा चिमटा, म्हणजे मशीनच्या परतीच्या केबलचा. मी हे पदरचे पैसे घालून शिकलोय. एका कारला मागं हूक मारायचा होता. बॅटरी काढून पार बाजूला ठेवलेली. पण पोरानं चिमटा लावला पुढच्या चाकाच्या नटाला, कारण तिथं लोखंड चकचकीत दिसलं. एबीएसचा (ब्रेकात चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) दिवा लागला तो विझलाच नाही, अन् आठ दिवसांत त्या चाकाचं बेअरिंग घुमायला लागलं. दोन्हीचा खर्च माझ्या गल्ल्यातून.

रॉडमधून शंभर-सव्वाशे अँपियर जातात अन् त्यांना मशीनकडं परत यायचं असतं. चिमटा वेल्डिंगच्या जागेपासून दूर असला, मधी गंजका सांधा आला, की त्यातला काही करंट बारीक अर्थिंग वायरींतून, बेअरिंगच्या गोळ्यांतून वाट काढतो. आर्क पडायच्या आधी रॉडवर ६० ते ८० व्होल्ट असतात. ईसीएमचा सगळा संसार १२-१४ व्होल्टांचा!

म्हणून चिमटा चिरेपासून वीतभरावर, त्याच चेसीवर, ग्राइंडरनं रंग काढून घट्ट बसवायचा. इंजिनला, एक्सलला, पाट्याला लावायचा नाही. चावी काढा. बॅटरीची आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. उलटं केलं अन् पाना बॉडीला टेकला तर ठिणगी ठरलेली. दोन्ही टोकांना सायकलची ट्यूब गुंडाळा, दहा मिनिटं जाऊ द्या, एअरबॅगवाल्या गाडीत तर नक्कीच. मग ईसीएमचे कपलर काढा. अल्टरनेटरची जाड वायर सुटी केली तर डायोडही वाचतात. अन् वेल्डिंगची केबल गाडीच्या वायरिंगवर टाकू नका.

टेम्पो_परळी
एवढं कशाला? माझ्या टेम्पोला वीस वर्षांत दहा वेळा वेल्डिंग झालं, बॅटरीला हातसुद्धा लावला नाही.

जुना_वेल्डर_जालना
दादा, तुमच्या टेम्पोत डिझेलचा पंप मेकॅनिकल. जळायला त्यात ईसीएम आहेच कुठं? तरी एकदा अल्टरनेटर बदलला असेल बघा.

टेम्पो_परळी
दोनदा. 😄

हायवा_नांदेड
चेसीच्या आतल्या बाजूनं वायरिंग, डिझेलचा पाइप अन् ब्रेकचा पाइप जातो, ते आधी हातानं चाचपून बघा. आमच्याकडं बाहेरून सुरेख वेल्डिंग झालं, आतली वायरिंग मात्र भाजली. क्लिपा काढून ती बाजूला घ्या, ओलं पोतं लावा, एक माणूस पाण्याची बादली अन् आगीचा सिलिंडर घेऊन उभा करा. अन् युरियाची टाकी (धूर साफ करायला असते ती) असलेल्या गाडीत चावी बंद केल्याकेल्या बॅटरी तोडू नका. पंप लाइनीतला युरिया मागं ओढून घेतो, त्याला दोन-चार मिनिटं लागतात.

जुना_वेल्डर_जालना
हे बरं सांगितलं. अन् चिरेच्या टोकाला आधी ड्रिलनं बारीक भोक पाडा, नाहीतर वेल्डिंगच्या पुढून ती पुन्हा सरकते. वर पट्टी मारायची झाली तर टोकं तिरपी कापा, सरळ उभी नको. शेवटी रेड ऑक्साइड.

पिकअपवाला_केज
काल केलं. वेल्डरनं सवयीनं चिमटा पाट्याला लावला होता, मीच काढून चेसीवर घेतला. तो जरा फुगला, पण चहा पाजला. आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह जोडली, पहिल्या सेल्फला गाडी चालू, एकही दिवा नाही. घड्याळ तेवढं बारावर गेलं.

जुना_वेल्डर_जालना
झकास. अन् अडतीला आता किती भरणार?

पिकअपवाला_केज
ते सोयाबीन निघाल्यावर बघू.