कोठीची खोली रिकामी करताना : कोकणातल्या घरांचे अनुभव

गुहागर तालुक्यात माहेरचं कौलारू घर. माजघरामागे कोठीची खोली. आई गेल्यापासून दोन वर्षं मी दार उघडायचे आणि तसंच लावून घ्यायचे. यंदा वैशाखात हात घातला, कारण मृग लागला की त्या खोलीत चार महिने काही वाळत नाही.

बाहेर निघाली तीन घंगाळं, तांब्याचा बंब, आंब्याच्या रिकाम्या पेट्या, गणपतीची माटवी (मूर्तीवर टांगायची लाकडी चौकट), मुंबईकरांनी ‘पुढच्या शिमग्याला नेतो’ म्हणून ठेवलेल्या बॅगा आणि बरण्याच बरण्या. एका बरणीच्या तोंडाला आईने बांधलेला फडक्याचा दादरा तसाच होता. सुतळीची गाठ तिचीच, दोन वेढे आणि वर उलटा फास. आत आमसुलं. काळीभोर, अंगावर मिठाचे कण चमकणारी, चवीला अजून तशीच आंबट. मी तिथेच उंबऱ्यावर बसून राहिले.

मोठी भांडी आईने एकट्या घरासाठी ठेवलीच नव्हती. वाडीत कोणाचं कार्य निघालं की ती आमच्याकडून जायची आणि घासूनपुसून परत यायची. आता कार्यं हॉलमध्ये होतात. मग या भांड्यांचं करायचं काय? तुमच्याकडे कसं केलंत? दमट हवा, वाळवी, भावकी, सगळं लिहा.

चिपळूणहून
आमची खोली पुराने रिकामी केली. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा आम्ही माळ्यावर होतो. भांडी चिखलातून काढून धुतली. खरं नुकसान झालं ते खालच्या पत्र्याच्या ट्रंकेतल्या कागदांचं. सातबारा पुन्हा मिळतो, पण आजोबांच्या वेळचं वाटणीपत्र नोंदवलेलं नव्हतं, त्याची दुसरी प्रत कुठेच नाही. घाईघाईत घड्या उलगडल्या आणि कागद हातात फाटले. नंतर एका जाणकारांनी सांगितलं की ओले कागद ओढून सोडवायचे नाहीत. मध्ये कोरे टिपकागद घालून सावलीत पंख्याखाली ठेवायचे आणि टिपकागद बदलत राहायचे. उरलेले तसे वाचले. आता सगळ्याचे फोटो काढून ठेवलेत आणि कागदांची पेटी माळ्यावर गेली आहे. ताई, बाकी काही करा न करा, कागद आधी वेगळे काढा.

मालवणहून
आमच्यात आजी म्हणायची, “टाकू नको गो, कामाक येतला.” तिचं बरंचसं खरं ठरलं, म्हणून मी टाकण्यापेक्षा टिकवण्यावर भर दिला. ट्रंका चिऱ्यांवर उचलून ठेवल्या, भिंतीपासून हातभर पुढे. भिंतीला चिकटलेल्या सामानाला वाळवी लागली तरी दिसत नाही. कोपऱ्यात मडक्यात कळीचा चुना ठेवते, तो ओल ओढतो. मडकं अर्धंच भरायचं, कारण चुना फुगतो. गळक्या कौलाखाली आणि मुलांच्या हाताला लागेल असा ठेवायचा नाही, पाणी पडलं तर भाजतो. गोधड्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत घाम धरून बुरशी येते.

देवगडहून
एकच सांगतो. पेट्या, चिरे, पेंढा यांत थेट हात घालू नका. मांगर, म्हणजे घराबाहेरची सामानाची खोपी, साफ करताना पेटीखाली फुरसं निघालं, विषारी साप. वीतभर लांब, मातीच्या रंगाचं, बॅटरी मारली म्हणून दिसलं. बूट घाला, आधी काठीने हलवा, दिवसाउजेडी करा. चावलंच तर बांधाबांध आणि मंत्रतंत्र नको, सरळ सरकारी दवाखाना.

राजापूरहून
आमचं घर सामाईक, पाच हिस्से. काही टाकलं की कोणीतरी दुखावणार हे ठरलेलं. मी प्रत्येक वस्तूचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, “गणपतीला याल तेव्हा ज्याचं त्याने न्यावं, उरेल ते वाडीला.” आत्तेचा फोन आला. तिला फक्त आजीची पाटावरवंट्याची जोडी हवी होती, आणि ती मागायला चाळीस वर्षं संकोचली होती. तिला नेऊन दिली. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करून घेतली आणि दोन मोठी पातेली देवळात दिली. उत्सवाच्या महाप्रसादाला आता तीच चुलीवर चढतात.

पुन्हा गुहागरहून
राजापूरच्या ताई, देवळाचं मला सुचलंच नव्हतं. गुरवकाकांशी बोलले, घंगाळं आणि मोठी पातेली तिकडे जातील, बंब मी ठेवणार आहे. कागद काल वेगळे केले, आजोबांच्या हातचा जमाखर्चही सापडला. बरण्यांपैकी सात ठेवल्या, बाकी वाडीतल्या बायका घेऊन गेल्या. आईच्या आमसुलांचं सार रविवारी केलं. दादरा धुऊन दांडीवर वाळत घातलाय.