पी टॅगमधल्या यादीला रंग का लागत नाही?

अर्धा_टॅग: काल दुपारभर याच्यापायी डोकं पिकलंय. एका पी (परिच्छेदाच्या) टॅगमध्ये आधी वाक्य, मग यूएलची यादी, मग शेवटचं वाक्य. पी ला फिकट पिवळी पार्श्वभूमी आणि १२ पिक्सेल पॅडिंग. रंग फक्त पहिल्या वाक्याला लागतो, यादी आणि शेवटचं वाक्य कोरडंच. वर त्याखाली एक रिकामी पिवळी पट्टी! सोर्स तीनदा वाचला, सगळे टॅग जोडीने आहेत. यूएलला डिस्प्ले इनलाइन दिलं, तरी तेच.

कामापुरता: पी काढून स्पॅन लावा. मी सगळीकडे तेच करतो, चालतं.

जुना_खिळा: सोर्स वाचून हे कळणारच नाही, ब्राउझरचा इन्स्पेक्टर उघडा, पान प्रत्यक्षात कसं बांधलंय ते तो दाखवतो. पी तिथे यादीच्या आधीच मिटलेला दिसेल.

पी चा शेवटचा टॅग न लिहिलेला चालतो. त्यामुळे पुढे यूएल, डिव्ह किंवा दुसरा पी आला की पार्सर (एचटीएमएल वाचून पान बांधणारा ब्राउझरचा भाग) आधीचा पी आपणच बंद करतो. तुमचं शेवटचं वाक्य उघड्यावर पडलं. त्यामागच्या, पी बंद करणाऱ्या टॅगला जोडीदार उरला नाही, म्हणून पार्सरने त्याच्यासाठी रिकामा पी घडवला. वरचं १२ आणि खालचं १२, हीच ती पट्टी.

डिस्प्लेचा इथे संबंध नाही, टॅगांचं झाड बांधताना पार्सर सीएसएसकडे, म्हणजे रंगरूपाच्या नियमांकडे, बघतच नाही. ‘इनलाइनमध्ये (ओळीतल्या टॅगात) ब्लॉक (स्वतंत्र ठोकळा) नको’ हा एचटीएमएल ४ चा नियम, आणि तिथेही पी स्वतः ब्लॉक असून पोटात इनलाइनच घ्यायचा. एचटीएमएल ५ पासून फ्लो (पानात येणारं जवळपास सगळं) आणि फ्रेजिंग (मजकूर आणि ओळीत बसणारे टॅग) म्हणतात. पी, स्पॅन, बटन, एच१ ते एच६ यांच्या आत फक्त फ्रेजिंग.

कामापुरता, तुमच्या स्पॅनमधली यादी पार्सर जागची हलवत नाही, म्हणून ‘चालतं’ वाटतं. एचटीएमएलचे नियम तपासणाऱ्या व्हॅलिडेटरला विचारून बघा!

अर्धा_टॅग: पी चा डिव्ह केला, पट्टी गेली. आता अख्खं कार्ड ए (लिंकच्या) टॅगमध्ये घालायचंय, आत डिव्ह आहे. मोडेल का?

जुना_खिळा: नाही. ए ज्याच्या आत बसलाय, त्याला जे चालतं ते ए ला चालतं. डिव्हमधल्या ए मध्ये डिव्ह चालेल, पी मधल्या ए मध्ये नाही. कार्डात ‘आणखी वाचा’ची दुसरी लिंक किंवा बटन आहे का? ए च्या आत ते चालत नाही, असेल तर आधी बाहेर काढा.

अर्धा_टॅग: दोन्ही आहेत.