मुख्याध्यापक आणि शिक्षक यांच्यातील संवादाबाबत मदत हवी आहे

नमस्कार. मी एका खासगी अनुदानित माध्यमिक शाळेत सहशिक्षिका आहे. आमचे मुख्याध्यापक कष्टाळू आणि नियमाला धरून चालणारे आहेत, तरीही त्यांच्यात आणि शिक्षकांमध्ये अलीकडे जवळजवळ सगळा संवाद सूचना वहीतूनच होतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मतभेदाचे मुख्य कारण कामाची वाटणी हे आहे. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देता येत नाहीत. परंतु यूडायस प्लस या शाळांची माहिती भरण्याच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीतील नोंदी, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि पोषण आहाराच्या नोंदी ही कामे शाळेलाच करावी लागतात, आणि संगणक येणाऱ्या दोघातिघांवरच त्यांचा भार पडत असल्याने त्या वेळी त्यांचे वर्गावरचे तास इतरांना घ्यावे लागतात. वरून आलेल्या मुदतीपुढे मुख्याध्यापकांचाही नाइलाज असतो, हे मला मान्य आहे.

दुसरा विषय पाठ निरीक्षणाचा, म्हणजे मुख्याध्यापकांनी वर्गात बसून शिक्षकाचे शिकवणे पाहण्याचा. लॉगबुकात, म्हणजे निरीक्षणाच्या नोंदवहीत, शेरा लिहिला जातो, शिक्षक सही करतात, पण त्या पाठाविषयी चर्चा होत नाही. माझ्या मते हे सर्वांत मोठे नुकसान आहे.

आपल्या शाळेत कामांची वाटणी वर्षारंभीच सर्वांसमक्ष ठरवली जाते का? निरीक्षणानंतरच्या चर्चेसाठी वेळापत्रकात वेळ कसा काढता? आणि हा विषय मुख्याध्यापकांपुढे एकटीने मांडावा की शिक्षक सभेत? मुख्याध्यापकपदी काम केलेल्यांनी अवश्य मार्गदर्शन करावे, ही विनंती.